पंपाचा आवाज कमी करून देणाऱ्यांबद्दल: पाचपैकी साडेतीन तारे

आमच्या सोसायटीचा पाण्याचा पंप माझ्या गाण्याच्या खोलीच्या बरोबर खाली आहे. पुण्यातलं कर्वेनगर, इमारत 1998 ची, तळमजला अधिक सात, एकूण 28 फ्लॅट. मी पहिल्या मजल्यावर राहते आणि संध्याकाळी मुलांना गाणं शिकवते. पाच हॉर्सपॉवरचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्रच असलेला) पंप टाकीतली पातळी उतरली की आपोआप सुरू होतो, दुपारी तीनला आणि पहाटे तीनलाही. तो सुरू झाला की ओट्यावरची स्टीलची पेली एकमेकींना लागून किणकिणायला लागतात आणि देवघरातल्या तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठतात. आणि माझं शिकवणं संपतं.

माझा सा पेटीवरची काळी चार. पंपाचं गुणगुणणं जवळपास पांढरी पाच, तिच्या लगेच खालची पट्टी. म्हणजे माझ्या सा ला चोवीस तास खालून शुद्ध निषाद, आणि तो सा वर कधी यायचाच नाही. बरं, तो निषादही धड एक नव्हता. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जुळल्या नाहीत की आवाजाला जशी लहर येते ना, वाँव वाँव वाँव, तशी त्याला लहर होती. मी एकदा मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) लावून मोजली. मिनिटाला 180 वर ठेवला की बरोबर जुळायची, म्हणजे सेकंदाला तीन. हे मी त्यावेळी कुणालाच सांगितलं नाही, कारण आधीच सोसायटीत माझी ख्याती "पंपवाल्या बाई" अशी झाली होती.

ज्यांच्या कामाबद्दल लिहिते आहे ते भोसरीतले एक साठीपुढचे गृहस्थ आणि त्यांचा एक मदतनीस. छोटा वर्कशॉप आहे, मशिनांचे हादरे कमी करून देणं हाच धंदा. बहुतेक कामं कारखान्यांची, सोसायट्यांची कमी. त्यांचं नाव इथे देत नाही, कारण पुढे मी थोड्या तक्रारीही केल्या आहेत आणि एका फरशीचा वाद अजून मिटलेला नाही.

त्यांच्या आधी एक ठेकेदार येऊन गेला होता, त्याचं आधी सांगते, म्हणजे पैसे कशात वाया जातात ते कळेल. त्याने पंपरूममध्ये डोकावून पाहिलं आणि "साउंडप्रूफिंग करून टाकू" म्हणाला. चारही भिंतींना आणि छताला अंड्याच्या ट्रेसारखा करडा फोम चिकटवला, दाराला फोम, जाळीच्या खिडकीलाही फोम. पंपाच्या चारही पायांखाली जाड काळ्या रबराच्या चकत्या सरकवल्या, बहुधा जुन्या कन्व्हेयर बेल्टच्या कापलेल्या. बिल 42 हजार. पंपरूमच्या दाराशी उभं राहिलं तर आवाज खरंच कमी वाटायचा. कमिटी खूश. माझ्या खोलीत मात्र तसूभर फरक नाही, उलट मला तर वाढल्यासारखा वाटला. आणि खिडकी बंद केल्यामुळे मे महिन्यात मोटर तापून दोनदा ट्रिप झाली. शेवटी वॉचमनमामांनी खिडकीवरचा फोम स्वतःच ओरबाडून काढला.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये चेअरमननी मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप माझ्या खोलीत लावून पाहिलं. आकडा आला 38. "निवासी भागात रात्री 45 डेसिबल चालतात, दिवसा 55. 2000 सालचा नियम आहे. तुमच्याकडे 38 येतोय, मग त्रास कसला?" चेअरमन सातव्या मजल्यावर राहतात. मला उत्तर देता आलं नाही आणि मीटिंग पुढच्या विषयावर गेली (पार्किंग, अर्थात).

भोसरीच्या गृहस्थांना मी स्वतःच्या खर्चाने बोलावलं. तपासणीची फी 2,500, काम दिलं तर बिलातून वजा. सकाळी साडेदहाची वेळ दिली होती, आले साडेबाराला. पण आल्यावर त्यांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना दोन तास माफ केले.

ते आधी पंपाकडे गेलेच नाहीत. माझ्या खोलीत आले, चपला काढून अनवाणी फरशीवर उभे राहिले आणि मदतनिसाला फोन करून पंप चालू करायला सांगितलं. मग खोलीभर हळूहळू फिरले. भिंतीला तळवा लावला, कोपऱ्यात पालथी मूठ टेकवली, खिडकीच्या चौकटीला बोटं लावली. मग मला म्हणाले, "आता मी बंद करायला सांगतो. बंद होताना काय ऐकू येतं ते सांगा."

मी सांगितलं. बटण दाबल्याक्षणी ती वाँव वाँव लहर कापल्यासारखी जाते. उरतो एकच स्वर आणि तो मींड घेतल्यासारखा खाली घसरत जातो. मग एक सेकंदाने भिंतीत धाडकन आवाज.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "लहर मोजली का कधी?"

"सेकंदाला तीन."

त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि माझ्या नोटेशनच्या वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. आपली वीज 50 सायकलची, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तनं, तिच्यामुळे मोटरच्या आतल्या लोखंडाचं गुणगुणणं त्याच्या दुप्पट, सेकंदाला 100 चं. मोटर फिरते त्याचा हादरा एका फेऱ्याला दोनदा. दोघांत तीनचा फरक, म्हणून दुसरा 97. त्याचा निम्मा साडेअठ्ठेचाळीस, गुणिले साठ, मिनिटाला 2910 फेरे. मग आम्ही खाली गेलो. मोटरच्या पाटीवर 2880 लिहिलं होतं. त्यांनी फॅनच्या बाजूला टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) धरला: 2908. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे मदतनिसाला चहा विचारला, आणि त्या पोराने "नको मावशी, साखर बंद केलीये" म्हणून माझा आनंद जमिनीवर आणला.

पण त्या दहा मिनिटांत त्यांना निदान झालं होतं. वीज तोडताच जो भाग लगेच जातो तो विजेचा, जो घसरत जातो तो फिरण्याचा, आणि शेवटचं धाडकन पाण्याचं. तिन्ही माझ्या खोलीत हवेतून नव्हे, काँक्रीटमधून येत होते. पंपाचा चौथरा इमारतीच्या कॉलमला चिकटून ओतलेला आणि पंप त्यावर बोल्टने आवळलेला. पाइप पंपाला आवळलेला, क्लॅम्पने भिंतीला आवळलेला, आणि भिंत माझी. भिंतींना फोम लावून हवेतला आवाज थोडा शोषला जातो, चौथऱ्यातून वर चढणाऱ्या हादऱ्याला तो कुठे लागणार? 42 हजारांचा फोम असा एका वाक्यात निकालात निघाला. चेअरमनही तिथेच उभे होते, हे विशेष.

38 च्या आकड्याचंही उत्तर मिळालं. ॲप दाखवतं तो आकडा माणसाच्या कानाप्रमाणे कापलेला असतो, आणि ही कापणी खर्जात फार मोठी आहे: 50 सायकलच्या आसपास 30 डेसिबल, 100 ला 19. पंपाचा सगळा कारभार नेमका तिथेच. शिवाय मोबाइलचा माइक बोलण्यासाठी केलेला, खर्ज त्याला धड ऐकूच येत नाही. आणि नियमातले 45-55 हे परिसरातल्या मोकळ्या हवेसाठी आहेत, बेडरूमच्या फरशीतून येणाऱ्या गुणगुण्यासाठी नाहीत. तेव्हा आकड्यावर भांडू नका, तळवा टेकवा, असं ते म्हणाले. चेअरमननी तळवा टेकवला. काही बोलले नाहीत, पण कोटेशन मागवा म्हणाले.

त्या काळ्या चकत्यांचं मात्र मला नीट समजावून घ्यायचं होतं, कारण रबर घातल्यावर आवाज वाढतो यावर माझाच विश्वास बसत नव्हता. ते म्हणाले, रबर पंपाच्या वजनाने किती खाली बसतं यावर सगळं आहे. किती बसतं त्यावरून पंप त्या रबरावर किती वेगाने डुलेल ते ठरतं. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्का दिला की तो चढतच जातो. ती चकती जेमतेम दोन दशांश मिलिमीटर बसत असेल, म्हणजे तिची लय सेकंदाला पस्तीसेक. मोटर साडेअठ्ठेचाळीस. दोन्ही इतक्या जवळ की रबर हादरा अडवायच्या ऐवजी त्याला हात देतं. तेच रबर चार मिलिमीटर बसणारं घेतलं तर लय आठावर येते, मोटर तिच्या सहापट वेगाने धावते आणि कागदावर शंभरातले तीनेक भागच खाली उतरतात. "कडक रबर म्हणजे काळा दगड," इति मदतनीस.

कोटेशन आलं 1,12,000, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे 1,32,160, दर फ्लॅटमागे 4,720. वार्षिक सभेत यावर पावणेदोन तास चर्चा झाली ती मी इथे देत नाही.

काम काय केलं ते सांगते. बेअरिंग खराब होती ती आधी बदलली. (त्याला खर्च फारसा नाही आणि आवाजाचा एक खरखरीत थर तेवढ्यानेच गेला. तुमचा पंप जुना असेल तर सुरुवात इथून करा.) जुना चौथरा कॉलमपासून छिन्नीने तोडून सुटा केला. मग लोखंडी चॅनेलची चौकट आणून तिच्यात काँक्रीट ओतलं, साधारण 180 किलोचा ठोकळा. पंप साठ किलोचाही नसेल, त्याच्या तिप्पट वजन त्याच्या बुडाला. मी विचारलं, इतकं ओझं कशाला? तर मऊ रबरावर नुसता पंप ठेवला तर तोच चालू-बंद होताना इतका हलेल की पाइप तुटतील. जड बैठक मिळाली की तो गप्प बसतो. ठोकळा पार्किंगमध्ये ओला गोणपाट टाकून सात दिवस ठेवला होता, पाणी मारायचं काम वॉचमनमामांकडे. माझे विद्यार्थी येता-जाता त्याला "समाधी" म्हणायचे.

ठोकळ्याखाली चार रबरी माउंट. सक्शनला (पाणी ओढायच्या बाजूला) आणि डिलिव्हरीला (पाणी वर ढकलायच्या बाजूला) एकेक रबरी बेलोज, हे पाइपातले लवचिक तुकडे, म्हणजे पंपाचा हादरा थेट पाइपात चढत नाही. डिलिव्हरीच्या बाजूला दाबाने बेलोज ताणला जाऊ नये म्हणून दोन सळया, आणि त्या सळयांच्या नटाखालीही रबरी वॉशर. हे वॉशर मला फार आवडले. तिथे लोखंडाला लोखंड लागलं असतं तर एवढा बेलोज लावून न लावल्यासारखाच.

धाडकन आवाजासाठी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बदलला. पंप थांबल्यावर उभ्या पाइपातलं पंचवीस मीटर पाणी उलटं खाली यायला निघतं. जुन्या एनआरव्हीतली लोंबती झडप उशिरा मिटायची, तोवर पाण्याने वेग घेतलेला असायचा आणि तो एकदम अडला की सगळा पाइप ठोकल्यासारखा वाजायचा. नवीन एनआरव्हीत स्प्रिंग आहे, पाणी मागे वळायच्या आत झडप बसते. पंप पहिल्यांदा बंद केला तेव्हा मी माझ्या खोलीत त्या धाडची वाट बघत उभी होते. आली नाही. दोन वर्षांत अंगाला सवय झाली होती, मान उगीचच आखडून घेतली होती मी.

आता तक्रारी.

काम दहा दिवसांत देतो म्हणाले, पाच आठवडे लागले. माउंट वेळेवर मिळाले नाहीत हे कारण तीनदा ऐकलं. पण खरा राग दुसऱ्या गोष्टीचा. पंप उचलायच्या दिवशी पाणी सहा तास बंद राहील असं नोटीस बोर्डावर लावलं होतं, प्रत्यक्षात दीड दिवस बंद होतं. आमचा स्टँडबाय पंप नावालाच आहे, ही चूक सोसायटीची. पण पाहणीला आलेल्या माणसाने तो चालू करून बघायला हवा होता आणि तात्पुरता पंप बरोबर आणायला हवा होता. वरच्या मजल्यावरच्यांनी लिफ्टमधून बादल्या वाहिल्या, आणि बोलणी कुणाला बसली असतील ते सांगायला नको. पाचव्या मजल्यावरच्या काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. माझ्या दिवाळीच्या फराळाचा डबा त्यांनी घेतला, परत पाठवताना मात्र रिकामा पाठवला. यातून काय ते समजा.

दुसरी तक्रार. काम झालं, फोटो काढले, पैसे दिले, सगळे खूश. रात्री दहाला मी दिवे मालवून पडले तर गुणगुणणं आहेच. फार कमी, फरशीत नाही, पेली गप्प, पण पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीत तोच पांढरी पाच. मी फोन केला तर गृहस्थ म्हणाले, "ताई, आता मनाचा भाग असेल." मला ते लागलं. ज्यांनी माझ्या लहरीवरून मोटरचे फेरे काढले त्यांनी तरी हे म्हणायला नको होतं.

मी दुसऱ्या दिवशी स्टेथोस्कोप आणला (विद्यार्थिनीची आई डॉक्टर आहे) आणि भिंत इंच-इंच ऐकली. आवाज एका ठिकाणी एकदम मोठा, पलंगापासून चार फुटांवर, साधारण कंबरेच्या उंचीला. त्याच्या बरोबर मागे डक्ट, पाइप जायची उभी मोकळी जागा. मदतनिसाला बोलावून डक्टमध्ये उतरवलं. डिलिव्हरी पाइपाचे सगळे क्लॅम्प त्यांनी रबर लावून बदलले होते, आणि एक राहिला होता, कारण त्याच्यापुढून सांडपाण्याचा पाइप गेलाय आणि तो दिसत नाही. जुना, गंजलेला, भिंतीत पक्का रुतलेला एकच क्लॅम्प. शिवाय पाइप जिथे स्लॅबमधून वर येतो ते भोक सिमेंटने गच्च भरलेलं. इतकी सगळी लवचिक सोय करून पाइपाने शेवटी माझ्या भिंतीचा हात धरलेलाच होता.

त्या पोराने क्लॅम्प कापला, रबराचा लावला. भोकातलं सिमेंट छिन्नीने खरवडून रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरलं आणि वरून मऊ सीलंट मारलं. तीन तासांचं काम. मी पलीकडे भिंतीला कान लावून बसले होते. शेवटचा सिमेंटचा तुकडा निघाला आणि स्वर गेला. हळूहळू नाही, गेलाच. गृहस्थांनी नंतर फोन करून माफी मागितली आणि जास्तीचे पैसे लावले नाहीत, हे लिहायलाच हवं. डक्टकडच्या माझ्या बाथरूमची एक फरशी मात्र त्या गडबडीत तडकली, ती "बघतो" म्हणालेत. तीन महिने झाले, बघतायत.

तेव्हा दीड तारा कापला तो असा: अर्धा उशिराचा, अर्धा बादल्यांचा, आणि अर्धा "मनाचा भाग" या शब्दांचा. फरशीचा वेगळा कापत नाही, ती मी सोडून दिली आहे असं त्या गृहस्थांना वाटतं, तसं नाही.

कुणी असं काम करून घेणार असेल तर माझ्यापुरतं सांगते. पंपाला टायमर बसवून घ्या, हे आम्ही सगळ्यात शेवटी केलं आणि सगळ्यात आधी करायला हवं होतं. आता रात्री अकरा ते पहाटे साडेपाच पंप सुरूच होत नाही, वरची टाकी झोपायच्या आत भरून घेतो. इतके दिवस भांडलो त्यातलं निम्मं भांडण इलेक्ट्रिशियनच्या एका फेरीत मिटलं असतं. काम संपलं की पैसे देण्याआधी एक रात्र झोपून बघा, दिवसा रहदारीत काही कळत नाही. आणि जो माणूस आल्या आल्या भिंतीला काय चिकटवायचं ते सांगायला लागेल त्याला चहा पाजून परत पाठवा. जनरेटरला बंद पेटी लागते, तिथे हवेतला आवाज खरोखर मोठा असतो. पण पाण्याच्या पंपाची कुरकुर बहुतेक पायातून आणि पाइपातून येते.

जाताना गृहस्थांनी मला एक काम लावून दिलं. रबर वर्षानुवर्षं वजनाखाली थोडं थोडं बसत जातं. ठोकळ्याच्या चारही कोपऱ्यांत त्यांनी पेन्सिलने खुणा केल्या आहेत, जमिनीपासून 62 मिलिमीटर. 58 च्या खाली गेलं तर फोन करा म्हणाले. दर एक तारखेला मी कंपासपेटीतली पट्टी घेऊन पंपरूममध्ये जाते, वॉचमनमामा टॉर्च धरतात. ऑगस्टला 62, सप्टेंबरला 62, ऑक्टोबरला डावा मागचा कोपरा साडेएकसष्ट. तो मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलाय.